पायऱ्या किती

खात्याचा माणूस आला ज्येष्ठात, नौटियाल नावाचा,
गळ्यात ओळखपत्र, हातात चुन्याचा डबा.
म्हणाला, वर रस्त्याला फलक लावायचाय,
बद्रीनाथच्या गाड्या चहाला थांबतात तिथे.
प्राचीन घाट. एवढ्या एवढ्या पायऱ्या.
हिमशिखरांचे दर्शन.
बाकी सगळं ठरलंय, आकडा तेवढा भरायचा राहिलाय.

मी तारेचा ब्रश खाली ठेवला,
विचारलं, कधीचा आकडा?
तो हसला. मग तोच प्रश्न मोठ्याने विचारला,
बहिऱ्या माणसाला विचारतात तसा.

माघात एकोणसाठ, मी सांगितलं.
तेव्हा अलकनंदा इतकी आत सरते
की शेवटच्या पायरीवर कोरलेला मासा उघडा पडतो,
त्याच्या डोळ्यातला गाळ मी बोटाने काढते.
वैशाखात वरचं बर्फ सुटतं, अठ्ठेचाळीस धरा.
गेल्या आषाढात एकदा सकाळी अकरा होत्या,
दुपारी भाकरी खाऊन आले तर सात.
आणि त्या एका वर्षी, एकही नव्हती.
जाऊबाई सांगतात, देवळातली घंटा पाण्याखाली वाजत होती.
मला नाही ऐकू आली.
मी टेकाडावर शेळीला कवटाळून बसले होते
आणि शेळीच ओरडत होती.

त्याने वहीत काही लिहिलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी
आधी चूल नाही दाखवली, ही साखळी दाखवली.
दगडात ओतलेली कडी, तिला ही लोखंडी साखळी.
म्हणाले, सतेश्वरी, हिला धरल्याशिवाय कुणाला डुबकी मारू देऊ नकोस,
मंत्री असो की माझा मुलगा.
मंत्र्याने धरली होती.

गाड्यांतून लोक उतरतात, सुरतचे, कटकचे,
एकदा एक कोरियाचं जोडपं आलं.
फोन उंच धरून गोल फिरतात, विचारतात,
हिमालय कुठाय?
इथून शिखर दिसत नाही. दरी अरुंद आहे,
समोरचा डोंगर दारात उभ्या राहिलेल्या सावकारासारखा
सगळा उजेड अडवतो.
मग मी लोटाभर पाणी भरून पायरीवर ठेवते,
म्हणते, चहा पिऊन या.
परत येतात तोवर तळाला राखाडी थर बसलेला असतो,
नखाएवढा.
हे घ्या. तुमचं शिखर.
तुम्ही गाडीने आलात, ते चालत आलंय.

बरेचसे हसून निघून जातात.
कोरियाच्या बाईने मात्र वरचं पाणी हळूच ओतून दिलं,
थर कागदात बांधला, कागद छातीशी धरून चढ चढली.
नवऱ्याने मला पन्नास रुपये दिले.
कशाचे, ते अजून कळलं नाही.
ते मी साखळीच्या तेलाला वापरले.

नौटियालने शेवटी स्वतःच मोजल्या,
चुन्याचे ठिपके देत, चप्पल हातात घेऊन.
त्रेचाळीस. त्यातली एक मधोमध तुटलीय,
ती त्याने दोनदा धरली. मी बोलले नाही.
निळ्या पत्र्यावर पांढरा आकडा लागला.
लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले
आणि खाली न उतरताच जाऊ लागले.

श्रावणात डोंगर सरकला.
रस्त्याचा तुकडा आला, चहाची टपरी आली
(बैशाखू त्या दिवशी पौडीला गेला होता म्हणून वाचला),
आणि फलक आला, घसरत, आमच्या गवतापर्यंत.
खात्यातून कुणी विचारायला आलं नाही.
आता तो शेळीच्या गोठ्यावर आहे.
पत्रा चांगला आहे, गळत नाही.
'हिमशिखरांचे दर्शन' आतल्या बाजूला आलंय,
शेळी त्याच्याखाली बसून रवंथ करते.

कार्तिक लागलाय. पाणी हिरवं व्हायला लागलंय.
आज पहाटे ब्रश घेऊन उतरले
तर बावन्न होत्या.
त्रेपन्नावी अजून ओली आहे,
तिच्यावरून मधूनच पाणी जातं.
मी तिच्याशेजारी थोडा वेळ बसले.
वाळू दे. मग मोजेन.